हरोळी भुईला पाय लावत नाही

मत्सर म्हटलं की लोकांना शेजाऱ्याची स्कूटर आठवते, नाहीतर साडूचं प्रमोशन. माझा मत्सर माझ्याच घरात होता आणि रोज मला गरम पोळी वाढत होता. मी बायकोवर जळायचो. तेही तिच्या रूपावर किंवा तिच्या माहेरच्या मळ्यावर नव्हे, तर तिच्या डोळ्यांवर. तिला दिसायचं आणि मला दिसायचं नाही, एवढंच कारण. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं सांगितलं नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांतली गोष्ट. मी नाशकात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. द्वारका चौकाच्या मागे एका कॉलनीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. कचेरीत माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या टिपणांवर 'मा. साहेबांच्या सहीसाठी' असं लिहून फाईल वर ढकलायची. दहा ते सहा मी काय म्हणतो याची कुणाला पडलेली नसे.

मग मला पक्ष्यांचं वेड लागलं. एका वाचनालयात कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी स्लाइड दाखवून व्याख्यान दिलं, ते ऐकायला मी पंखा होता म्हणून जाऊन बसलो आणि उठलो तो दुसराच माणूस होऊन. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. दर रविवारी पहाटे सर आठ-दहा जणांना घेऊन सायकलींवरून गावाबाहेर पडत. कधी धरणाकडे, कधी लेण्यांकडे. मी देवळालीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून लष्करी दुर्बीण आणली. तिच्या उजव्या भिंगात बुरशी होती, त्यामुळे प्रत्येक पक्ष्याच्या पोटावर मला एक ढग दिसायचा. शिवाय मी एक वही केली. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या, काय करत होता, असे रकाने आखले. वही कचेरीतल्या रजिस्टरपेक्षा सुबक होती, कारण ती माझी होती.

सर महिन्याकाठी चार पानांचं पत्रक काढत. सायक्लोस्टाइल केलेलं, शाईचा वास मारणारं, ओळी वरखाली झालेल्या. कुठे काय दिसलं आणि कुणी पाहिलं ते त्यात छापून येई. पाहणाऱ्याचं नाव शेवटी. माझं नाव आजवर फक्त लग्नपत्रिकेत छापून आलं होतं, तेही आजोबांच्या आणि मामांच्या नावाखाली चिणलेलं. त्या पत्रकात एकदा तरी आपलं नाव यावं, असं मला फार वाटायचं. पण मला दिसणारे पक्षी सगळ्यांनाच दिसलेले असत.

म्हणून मी हरियालाच्या मागे लागलो.

हरियाल म्हणजे आपल्याकडचं रानातलं हिरवं कबूतर. देवळाच्या शिखरावर घुमणाऱ्या पारव्याचाच भाऊबंद, पण हा दाणे टिपत नाही, फळं खातो. सरांनी समजावून सांगितलं होतं: डोकं राखाडी, गळा आणि छाती पिवळसर हिरवी, खांद्याशी जांभळट डाग आणि पाय हळद लावल्यासारखे पिवळेधमक. वड, पिंपळ, उंबर पिकले की थव्याने येतात. माणसाची चाहूल लागली की उडत नाहीत, जागच्या जागी थिजतात आणि मग पानातून वेगळे काढता येत नाहीत. मी हे सगळं वहीत उतरून घेतलं, पाठ केलं. दोन हिवाळे गंगापूर रस्त्याचे वड आणि त्र्यंबकच्या वाटेवरचे उंबर पालथे घातले. मानेला लचक भरली. हरियाल काही दिसला नाही.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा बायको एका रविवारी म्हणाली, "मी येऊ का? डबा तरी घेईन." तिचं माहेर मखमलाबादकडे. फुलं आणि भाजीपाला पिकवणारं घर. शाळा सातवीपर्यंत. मी मोठ्या मनाने म्हणालो, "ये, पण बोलायचं नाही मध्ये."

एका जुन्या वडाखाली आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. वडाला लाल फळं लगडली होती. सर म्हणाले, "फळं पिकलीत, असायला हवेत." पंधरा मिनिटं झाली. मी दुर्बिणीतून फांदी न् फांदी तपासली आणि जाहीर केलं, "नाहीत, सर."

माझ्या पाठीमागून हळूच आवाज आला, "अहो, ती काय हरोळी."

"कुठे?"

"ती मोठी पारंबी सुटलीय ना, तिच्या वरच्या बेचक्यात. पिवळे पाय दिसतात बघा. तिच्याशेजारी अजून एक. आणि तिकडे तीन." ती मोजू लागली. "चौदा आहेत. हलू नका, बघतायत आपल्याकडे."

सरांनी तिच्या बोटाच्या रोखाने दुर्बीण लावली आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग आमच्या गटातल्या डॉक्टरांना दिसली, मग बँकेतल्या गृहस्थांना. मला पानं दिसत होती. पानं आणि ढग. मी "हां, हां, दिसली," म्हणालो, तेवढ्यात फटाफट पंख वाजवत सगळा थवा उडाला. मी आयुष्यात पहिल्यांदा हरियाल पाहिला तो असा, शेपटाकडून.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशी मी मनाची समजूत घातली. पण पुढच्या रविवारी तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. सरांनी तिला विचारलं, "वहिनी, तुम्हाला दिसतं तरी कसं?" ती लाजली. म्हणाली, आमच्या मळ्याच्या कुंपणाला हिरवा चाफा आहे. त्याचं फूलही हिरवं आणि पानही हिरवं. वास चहूकडून येतो, त्यामुळे नाकाचा उपयोग नाही, डोळ्यानंच शोधावं लागतं. बाजाराची गाडी निघायच्या आत लहानपणी रोज टोपलीभर काढायचे, एक जरी फूल राहिलं तर आबा ओरडायचे. आबा म्हणजे तिचे वडील. "पानावर पान कसं पडतं ते ठाऊक झालं," ती म्हणाली, "की जे तसं पडत नाही ते दिसतंच."

सर खूश. म्हणाले, लिहून ठेवा रे हे. मी लिहून ठेवलं नाही.

तिला नुसतं दिसतच नव्हतं, कळतही होतं. सकाळी हरोळ्या आधी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर येऊन ऊन खातात आणि मगच फळांवर जातात. म्हणजे आधी वाळक्या झाडाकडे बघायचं. उंबराच्या टोकाचं फळ खायला पोपटासारख्या उलट्या लोंबकळतात. घरटं इतक्या थोड्या काड्यांचं की खालून अंडी दिसतात. "आळशी सुनेची चूल," असं तिची आई म्हणायची. त्यांचा आवाज घुमण्यातला नाही, शिटीतला आहे, कुणीतरी गाणं विसरून पुन्हा आठवत असल्यासारखा. ही शेवटची उपमा तिचीच. मी दोन वर्षं पुस्तक वाचून जे जमवलं होतं ते तिच्याकडे घरच्या लोणच्यासारखं पडून होतं.

काही महिन्यांत सर म्हणू लागले, "वहिनी, तुम्ही पुढे चला." आणि मी मागे राहू लागलो. एके दिवशी लक्षात आलं की डबा माझ्या हातात आहे.

मग मी काय काय केलं ते सांगतो. दुर्बीण तिला कधी दिली नाही. "तुला लागतच नाही," असं कौतुकाच्या सुरात म्हणायचो. ती हरोळी म्हणाली की मी चारचौघांत दुरुस्त करायचो, "हरियाल म्हण." लॅटिन नाव मोठ्याने घ्यायचो. दोनदा तिला उठवलं नाही आणि सरांना सांगितलं, तिचं डोकं दुखतंय. ती इतकी सरळ की घरी आल्यावर विचारायची, "आज काय काय दिसलं?" आणि मी न दिसलेले दोन पक्षी जास्त सांगायचो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या आणि पाणी डोळ्यांतून येत नव्हतं, एवढंच.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला ती फुलांच्या तोडणीला चार दिवस माहेरी गेली होती. परत आली ती नेहमीसारखीच. भाजी घेऊन, चाफा घेऊन. मला काही बोलली नाही. रविवारी मात्र सगळे बसलेले असताना, थालीपीठ वाढता वाढता सरांना म्हणाली, "सर, हरोळी भुईवर उतरते का हो?"

सर थांबले. "का?"

"आमच्या खालच्या शेतात कालव्याचा पाझर येतो. तिथं खार फुटलाय, पांढरी माती वर आलीय. त्या मातीत उतरल्या होत्या. चांगल्या चालत होत्या. माती खात होत्या."

सगळे हसले, वाईट अर्थाने नव्हे. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की हरोळी भुईला पाय लावत नाही. झाडावर जन्मते, झाडावर मरते. पाणी प्यायला आली तरी पायात काडी धरून येते आणि काडीवर उभी राहून पिते. पण सर हसले नाहीत. ते म्हणाले, काडीची कथा खोटी, पण जमिनीवर हा पक्षी क्वचित उतरतो हे खरं. क्षारासाठी उतरतो असं पुस्तकात आहे. आपल्या जिल्ह्यात अजून कुणी तसं पाहिल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं. "वहिनी, हे खरं निघालं तर तुमच्या नावानं छापू. अगदी पहिल्या पानावर. फक्त दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, तसा नियम आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची तर सासुरवाडीच. तुम्हीच जाऊन या."

पहिल्या पानावर. तिच्या नावानं. सातवी पास.

घरी येताना मी सायकल थांबवून विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, साधे तपकिरी होले असतील." ती कॅरिअरवर बसली होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. "तुम्हाला माझं काही पटत नाही हल्ली."

पुढच्या आठवड्यात मी एक दिवस रजा काढून मखमलाबादला गेलो. सासऱ्यांनी आनंदाने शेताच्या खालच्या अंगाला नेलं. एरंडाच्या रांगेआड आम्ही दोघं उकिडवे बसलो. समोर चार-पाच गुंठ्यांचा तुकडा मीठ शिंपडल्यासारखा पांढरा पडला होता. "पाव्हणं," सासरे कुजबुजले, "पोरगी येडी हाय. हरोळी कुठं भुईला पाय लावती व्हय? पण म्हनलं, जावई आलंय तर बसू."

आठच्या सुमारास थवा आला. आधी कडेच्या बाभळीवर बसला. बराच वेळ हालचाल नाही. मीही श्वास धरून होतो. मग एक खाली उतरली. पांढऱ्या मातीवर ते पिवळे पाय मला बुरशीच्या भिंगातूनसुद्धा लख्ख दिसले. पाठोपाठ दुसरी, तिसरी. झाडात इतका तोलदार वागणारा पक्षी, पण भुईवर नव्या नवरीसारखा अडखळत चालत होता. चोचीने माती उकरून खात होत्या. एकीने मान वळवली तेव्हा डोळ्याभोवतीचं निळं आणि त्याबाहेरचं गुलाबी कडं दिसलं. मी मोजल्या. अकरा. मी इतकं सुंदर काही तोवर पाहिलं नव्हतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे तिनं आधी पाहिलंय.

"काडी असंल पायात," सासरे पुटपुटले. "लांबून दिसत नाय." मग त्यांनाही दिसलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "नाय ओ. टेकलाय पाय. आपल्या भुईला टेकलाय." थवा उडाल्यावर ते घरी जाऊन नारळ घेऊन आले आणि त्या खारवटलेल्या, काहीही न पिकणाऱ्या तुकड्यात त्यांनी तो फोडला. लय बरकतीचं लक्षण हाय, म्हणाले. खोबऱ्याचा एक तुकडा कागदात बांधून माझ्याकडे दिला, "पोरीला द्या. तिच्यामुळं दिसलं. म्हणावं, आबा चुकला."

बांधावरच बसून मी वहीत नोंद केली. तारीख, वेळ, अकरा, जमिनीवर, माती खाताना. वहीशी मला खोटं बोलता यायचं नाही. माणसांचं तसं नव्हतं.

परत येताना द्वारकेला ट्रकांची रांग लागली होती. सायकलवरून एक पाय टेकून मी उभा होतो. खिशातला कागद काढला आणि ते खोबरं खाऊन टाकलं. भूक लागली होती असंही नाही. तोवर मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण खोबरं संपलं तेव्हा ठरलेलं होतं.

घरी तिनं दारातच विचारलं, "दिसल्या?"

"होले होते," मी म्हणालो. "दहा-बारा. जमिनीवर होले असतातच."

"आबा होते बरोबर?"

"नाही, ते पाणी भरत होते."

रविवारी सरांनाही तेच सांगितलं. सर हिरमुसले, पण तिला समजावत म्हणाले, "वहिनी, होतं असं. सकाळच्या तिरप्या उन्हात तपकिरी रंगही हिरवट दिसतो. मोठमोठ्यांचं चुकतं." मला वाटलं होतं ती भांडेल. मी भांडणाची उत्तरं तयार ठेवली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "असेल. हे म्हणतायत म्हणजे तसंच असेल."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त.

पुढचे सहा-सात आठवडे ती चाचपडत होती. तारेवर बसलेला कोतवाल दाखवून विचारायची, "अहो, हा कोतवालच ना?" वडाखाली उभी राहून गप्प राहायची, आणि मग माझ्या कानाशी येऊन, "तिथं काहीतरी आहे, तुम्ही बघा बरं आधी." मी दुर्बीण लावून तपासायचो आणि मंजुरी द्यायचो. सर पुन्हा मला विचारू लागले. मी पुढे चालू लागलो. ते आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण सुखाचे होते ते होतेच.

अक्षय्य तृतीयेला ती माहेरी गेली. मी काहीतरी कामाचं निमित्त काढून टाळलं. खाई त्याला खवखवे. दोन दिवसांनी ती परतली, पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले, चहा टाकला. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आबा विचारत होते, प्रसाद पोचला का."

मी कप उचलून तोंडाला लावला.

"मी म्हटलं, पोचला." ती आत गेली.

मला वाटलं, आता रात्री विषय काढेल, उद्या काढेल. तिनं काढलंच नाही. ओरडली नाही, रडली नाही, सरांना जाऊन सांगितलं नाही. डबा पूर्वीइतकाच चांगला असे, फक्त तो मी एकट्यानं न्यायचा असे. "मला कंटाळा येतो हो त्या उन्हाचा," म्हणाली. आणि तिनं मला पक्षी दाखवणं बंद केलं. एकही नाही. गच्चीवर गहू निवडताना तिची मान मध्येच वर व्हायची, एका जागी क्षणभर थांबायची आणि पुन्हा सुपाकडे वळायची. मी धावत कठड्याशी जायचो. "काय होतं? काय दिसलं?" ती म्हणायची, "कुठे काय?" मी आभाळ चाळायचो, मला पतंग दिसायचा, नाहीतर कावळा. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तसा मी दर रविवारी दहा-दहा मैल सायकल मारायचो आणि जिच्याकडे सगळं होतं ती घरात गहू निवडत असायची.

आता सांगायला हरकत नाही: तेव्हाही मी जळतच होतो. आधी तिला दिसतं म्हणून जळायचो, मग तिला काय दिसलं ते कळत नाही म्हणून. अशी सहा-सात वर्षं गेली.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा सर थकले. सायकल सुटली, डोळ्याचं ऑपरेशन झालं. पण पत्रक निघत होतं. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी बसलो होतो आणि ते आपण होऊन म्हणाले, "वहिनी यायच्या बंद झाल्या तेव्हापासून आपल्या फिरण्यात राम राहिला नाही. असा डोळा मी दुसरा पाहिला नाही." इतक्या वर्षांनी तोच जुना मत्सर पुन्हा वर आला. पण त्याबरोबर आणखी काहीतरी आलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. एरंडाची रांग, अकरा हरियाल, होले, सगळं. खोबऱ्याचं तेवढं सांगितलं नाही.

मला वाटलं, आता मला दार दाखवतील. पण माणूस शेवटी पक्षीवेडा. ते पुढे वाकून म्हणाले, "नोंद आहे? तारीख, वेळ?"

मी दुसऱ्या दिवशी वही नेऊन दाखवली. त्यांनी भिंग लावून वाचली आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. "अहो, ही तर पक्की नोंद! हे छापलंच पाहिजे."

"पण आधी तिनं पाहिलं होतं, सर."

"हो, पण वहिनींची तारीख कुठाय? नोंदीला तारीख लागते." ते क्षणभर घुटमळले. "त्यांचाही उल्लेख करू ना."

मला तिची तारीख ठाऊक होती. मीच तिला माहेरी सोडायला गेलो होतो. महाशिवरात्रीसाठी त्र्यंबकला फुलं जातात, म्हणून दरवर्षी तिची तोडणीला हाक येई. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळं झाल्यावर ती खालच्या शेतात गेली होती, हे सासऱ्यांनी मला एरंडाआड बसल्या बसल्या सांगितलं होतं. जुनं पंचांग उघडलं असतं तर पाच मिनिटांत तारीख निघाली असती. मी म्हणालो, "बरं, सर."

पत्रक आलं. पहिल्या पानावर होतं. 'हरियाल जमिनीवर', खाली सात ओळी, आणि शेवटी माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्याआधीची ओळ अशी: 'निरीक्षकांच्या पत्नीसही त्यापूर्वी येथे हे पक्षी दिसल्याचे समजते.'

मी ते घरी नेलं. खोटं कशाला बोलू, चालताना पाय हलके होते. ती भाजी चिरत होती. मी पत्रक तिच्यापुढे ठेवलं. तिनं पदराला हात पुसले आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. मग पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"तुम्ही सांगितलंत सरांना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं असं काहीतरी मऊ होतं, आणि त्यानंच मला जास्त घाबरायला झालं.

"हो. सगळं सांगितलं."

"मग ही पत्नी कोण? हिला नाव नाही?"

"तारीख नव्हती ना तुझी. नोंदीला तारीख लागते."

"महाशिवरात्रीचा दुसरा दिवस," ती तत्काळ म्हणाली. "ऊन बांधावर आलं होतं. सतरा होत्या. दोन पिल्लं होती मोठी झालेली, त्यांचे पाय तेवढे पिवळे नव्हते झाले." ती माझ्याकडे बघत होती. "तारीख मला कुणी विचारली का?"

मी पत्रकाची घडी घालू लागलो.

"सांगा सरांना. पुढच्या अंकात दोन ओळी टाकतील. जास्त नको."

"सांगतो," मी म्हणालो. आणि सांगणार होतो.

रविवारी सरांच्या अंगणात सगळे जमले होते. डॉक्टरांनी पाठीवर थाप दिली, बँकेतल्या गृहस्थांनी पेढे मागितले. कॉलेजातली दोन नवीन पोरं माझ्याकडे आदराने बघत होती. त्यातल्या एकानं विचारलं, साहेब, इतक्या लांबून तुम्हाला पाय कसे दिसले? मी सांगायला लागलो. एरंडाची रांग, पांढरी माती, पिवळे पाय. सर आरामखुर्चीत बसून ऐकत होते. सांगून संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "वहिनींनी वाचलं का? काय म्हणाल्या?"

"खूश झाली, सर," मी म्हणालो.